दोन उकळ्या

ढाणकी,
रविवार, १० सप्टेंबर २०१७

प्रिय इंद्रजितराव,

सप्रेम जयभीम. तुम्ही मारेगावला पोचल्याचं सदाशिवरावांच्या फोनवरून कळलं. तुमचा फोन बंद लागतो, म्हणून हे पाकीट त्यांच्या पत्त्यावर टाकते आहे. तिथे कापसाचा पट्टा मोठा आहे, फवारणीचे पंप दुरुस्तीला भरपूर येत असतील. जेवणाखाण्याची सोय बरी आहे ना?

नलू तुमच्या घराला कुलूप लावून माझ्याकडेच राहते आहे. तब्येत बरी आहे. जेवते, पण दोनदा म्हणावं लागतं. सकाळी अंगण झाडते, मला शाळेचा डबा भरून देते आणि मी गेले की दार लावून बसते. तुमचं नाव निघालं की उठून आत जाते.

तुमच्या दुकानाला कुलूप आहे. कापसावरच्या बोंडअळीने लोकांना वेड लावलं आहे. रोज फवारणी, रोज नवं औषध, आणि रोज कोणाचा ना कोणाचा पंप बिघडतो. काल तिघं जण पाठीवर पंप घेऊन माझ्या दारात आले. एक म्हणाला, "मास्तरीणबाई, मिस्तरी कवा येते? नोजल चोंदलं, पऱ्हाटी हातची चालली." मी म्हटलं, गावाला गेलेत. मागचा एक हसला. "गावाले गेले का गावानं हाकलले?" मग तिघंही पंप उचलून गेले.

विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन रोज संध्याकाळी चालू आहे. मागच्या रविवारी समितीची बैठक झाली, ते तुमच्या कानावर आलंच असेल. दारू सोडलेल्यांची नावं विहाराच्या फळ्यावर आहेत. त्यातलं तुमचं, पहिलं, नाव पुसलं. दारूबंदी महिला समितीची सचिव मी आहे, त्यामुळे पुसलं मीच.

मी हे कडवटपणाने लिहीत नाही. एक वर्ष सात महिने तुम्ही शब्द पाळला. पण २७ ऑगस्टला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही दोघं माझ्याकडे दुपारी जेवायला होता. जेवून अर्धा तास झाला नसेल, तुमचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडायला लागली, ओकारी थांबेना. दवाखान्यात बाकावर आधीच दोघं फवारा लागलेले बसले होते, म्हणून डॉक्टरांनी तुम्हालाही तेच विचारलं, "औषध अंगावर उडालं का?" तुम्ही नुसतं 'हो' म्हणाला असतात तर सगळं तिथेच मिटलं असतं. तुम्ही म्हणालात, "नाही साहेब. आज पंपाले हातच नाही लावला." मग नलूने तुमची दारू सोडवण्याची गोळी चालू असल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग सरळ आहे. ही गोळी घेणाऱ्याच्या पोटात दारू गेली की हेच होतं. सकाळी घेतली असेल कुठेतरी." आणि त्या सकाळी तुम्ही दोन तास बाजारात एकटे होता.

नलू तिथे सगळ्यांसमोर जे बोलली त्याचा राग धरू नका. "मग डॉक्टर खोटा काय? तो काय माह्या सवतीचा भाऊ हाये?" असं ती म्हणाली, ते रागात नाही, भीतीने म्हणाली. ज्या दिवशी पिशील त्या दिवशी मी या घरात नाही, असं तिने तुम्हाला आधीच बजावलं होतं. ती बोलली तसं वागली.

आता माझं सांगणं ऐका. तुम्ही अजूनही 'थेंबही घेतला नाही' म्हणता, म्हणून हे प्रकरण असं ताणलं गेलं आहे. तुम्ही एकदा कबूल करून टाका. माणसाचा पाय घसरतो. नलू माफ करेल, मी तिची समजूत घालेन. लेखी दिलंत तर समितीपुढेही मला बोलता येईल. एका कागदाने सगळ्यांचा जीव मोकळा होईल.

विचार करा. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा, घरच्या नको.

तुमच्या दोघांचं भलं व्हावं अशी इच्छा असलेली,
शीलाताई

ता. क. त्या दिवशीच्या जेवणाबद्दल कोणी विचारलं तर भाकरी, वरण आणि वांग्याचे काप होते. मीही तेच सांगते.

*

ढाणकी,
रविवार, २४ सप्टेंबर २०१७

प्रिय इंद्रजितराव,

जयभीम. तुमचं पत्र गुरुवारी शाळेत मिळालं. शिपायाने ते आठवीच्या वर्गात आणून दिलं. मुलींना धडा वाचायला सांगून मी ते खिडकीशी उभी राहून वाचलं. तेव्हापासून तीन दिवस ते माझ्या पर्समध्ये आहे. नलूला दाखवलेलं नाही.

तुम्ही लिहिलेलं मी इथे पुन्हा लिहिते. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. आपण वाचलं ते तेच होतं ना, याची खात्री करावीशी वाटते.

"ताई, तुम्ही शिकेल बाई, तुम्ही म्हणता तर बरोबरच असन. मी लिहून देतो का २७ तारखेले मी दारू पेलो. बाजारात पेलो. किती पेलो ते लिहा लागते काय? तुम्ही म्हणान तितकी लिहा. पण नलूले घरी जाऊ द्या, घर उघडं करा म्हणा. एक गोष्ट सांगू का ताई, मले पेल्याचं आठवत नाही. मी चहाच पेलो. पण डॉक्टर म्हणते, नलू म्हणते, तुम्ही म्हणता. जेवलो तर तुमच्याच घरी, तिथं असं काही असूच शकत नाही. मंग माह्याच डोक्यात काही झालं असन. मी कवा पेलो हे मलेच समजलं नाही तर मी माणूस कोणता? गोळी मी बंद केली. गोळी खाऊनही पेलाच म्हणतात, मंग खायची कायले?"

यातलं एकच आधी बोलते. गोळी बंद करू नका. किमान डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. सदाशिवरावांच्या शेतातल्या गुरांच्या कोठ्यावर संध्याकाळी कोण बसतं, काय घेऊन बसतं, ते मला माहीत नाही, पण अंदाज करता येतो. तुम्ही तिथे एकटे आहात आणि तुम्हाला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला आहे. मला याची फार भीती वाटते.

आणखी एक. गोळी चालू असताना खाण्यापिण्यात जपायला हवं, असं मी कुठेतरी वाचलं. खोकल्याचं औषध, आयुर्वेदिक आसवं, बाहेरचे सॉस घातलेले पदार्थ टाळा. त्या दिवशी माझ्याकडे येण्याआधी असं काही पोटात गेलं होतं का? खोकला होता का तुम्हाला? बाजारात कोणी पान दिलं होतं का? आठवून लिहा.

सॉसवरून आठवलं. वांग्याच्या कापांवर मी जे काळं घातलं होतं, ते काय असं तुम्ही विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं. त्याला तेरियाकी म्हणतात. मोनाली पुण्याला एका जपानी हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे, तुम्हाला माहीतच आहे. जुलैत आली तेव्हा म्हणाली, "आई, तू एकटी असतेस आणि रोज भाजी काय करू म्हणून कुरकुरतेस. एक बाटली करून ठेव. वांगं, अंडं, बटाटा, कशावरही दोन चमचे टाक." काळा सोया सॉस, आलं, लसूण, साखर आणि मिरिन नावाचा तांदळाचा गोड रस. सगळं उकळायचं, चमच्याच्या पाठीवर थर धरला की झालं. साखरेऐवजी मी गूळ घातला. आपल्याकडून सोयाबीनच्या गाड्या भरभरून मिलला जातात, कापूस बुडाला म्हणून अर्ध्या गावाने सोयाबीन धरलं, आणि त्याची जिभेला लागणारी चव मला चव्वेचाळिसाव्या वर्षी मुलीने पुण्याहून आणून दिली. गंमतच म्हणायची.

तुम्हाला ते काप फार आवडले होते. तुम्ही वाटीभर सॉस वेगळा मागून घेतलात आणि भाकरी त्यात बुडवून खाल्लीत. नलूने तुमची थट्टा केली, "जपानचा जवाई दिसते हा!" आपण तिघांनीही तेच खाल्लं. मला आणि नलूला काहीच झालं नाही.

माझं डोकं ठिकाणावर नाही. मी रोज डायरी लिहिते, ही माझी जुनी सवय. कॉलेजात असल्यापासून एक दिवस चुकवलेला नाही. पण २७ ऑगस्टच्या पानावर फक्त 'इंद्रजितराव आजारी' एवढंच आहे. पुढचं पान कोरं आहे. त्याच्या पुढचंही.

तुमचा कागद सध्या माझ्याकडेच राहू द्या. दुसऱ्या कोणाला असं लिहून देऊ नका. मी सांगेपर्यंत थांबा.

शीलाताई

*

ढाणकी,
शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०१७

इंद्रजितराव,

जयभीम. हे पत्र टपालाने येणार नाही. नलू घेऊन येते आहे. ती दारात पिशवी घेऊन उभी आहे. मी तिला दोनदा आत बोलावलं. ती आली नाही. उमरखेडची गाडी नऊला आहे, तिथून पुढे यवतमाळ, मग मारेगाव. "सगळं लिही," ती म्हणाली आहे. "मी वाचीन, मंगच नेईन."

तर सगळं लिहिते.

मिरिन हा रस नाही. मागच्या पत्रात मी रस लिहिलं, ते लिहिताना पेन थांबला होता, तरी लिहिलं. ती तांदळाची गोड दारू असते. मोनालीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "यात दारू असते गं आई, पण दोन उकळ्या येऊ दे, बरीचशी उडून जाते." पहिली बाटली तिने केली. दारूबंदीची सचिव असून मी ती घरात ठेवली, कारण मनाशी म्हटलं, उकळल्यावर ती दारू राहतच नाही. उरलेलं मिरिन ती ठेवून गेली. दुसरी बाटली २४ ऑगस्टला मी एकटीने केली. एक वाटी मिरिन उकळत्या सॉसमध्ये घातली. दोन उकळ्यांनी त्याचा वास गेला. मला तो वास आवडायला लागला होता. म्हणून भांडं चुलीवरून उतरवलं, गार होऊ दिलं, आणि आणखी एक पूर्ण वाटी ओतली. डायरीत त्या दिवशी शेवटी दोन शब्द आहेत: 'वास टिकला.'

तो सॉस मी तुम्हाला वाटीभर वाढला. तुमची गोळी चालू आहे हे मला माहीत होतं. एक वर्ष सात महिने माहीत होतं. पण वाढताना माझ्या मनात ती गोष्ट आली नाही, हे खरं आहे. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. विश्वास ठेवा असं म्हणायचा अधिकार मला नाही.

याच्या पुढचं मात्र नकळत झालेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "दारू पोटात गेली की हेच होतं." त्या क्षणी मला कळलं. नंतर नव्हे, घरी येऊन विचार केल्यावर नव्हे. त्याच क्षणी भांडं, वाटी, वास, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि त्याच वेळी तुम्ही खाटेवरून माझ्याकडे वळून विचारलंत, "ताई, तुम्ही तरी सांगा. मी तुमच्या घरी आलतो तवा तोंडाचा वास येत होता काय?" मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

लक्ष होतं. तुमच्या तोंडाला वास नव्हता. उंबऱ्यात तुम्ही वाकून चपला काढल्यात तेव्हा ते मी पाहून घेतलं होतं. मी प्रत्येक वेळी पाहते. तुमचाच नव्हे, कोणाचाही.

का बोलले नाही, ते एकोणचाळीस दिवस स्वतःला विचारते आहे. पहिलं उत्तर सोपं आहे. पद. मार्च महिन्यात लीलाबाईंच्या गुडघेदुखीच्या आसवाची बाटली मी सगळ्या बायांसमोर नालीत ओतली होती, कारण लेबलवर अल्कोहोल लिहिलं होतं. समितीची अध्यक्ष, साठी उलटलेली बाई. 'नियम सगळ्यांना सारखा' असं मी तिला ऐकवलं होतं. त्याच बाईपुढे उभं राहून माझ्या फडताळात काय आहे ते सांगायचं मला जमत नव्हतं.

हे उत्तर मी बरेच दिवस स्वतःला पुरवलं. पण ते पुरत नाही. मोनालीच्या बाबांनी तीनदा पंचशील घेतलं, तीनदा मोडलं, आणि गेले. मी शिकलेली, समजावणारी, गोळ्या आणून देणारी, आणि माझ्या घरात ते जमलं नाही. नलू सातवी नापास, भांडकुदळ, आणि तिच्या घरात जमलं. दर रविवारी ती तुमचं कौतुक करायची आणि मी हसून ऐकायची. त्या दिवशी दवाखान्यात ती रडायला लागली तेव्हा मला तिची कीव आली. आणि कीव यायच्या आधी, अगदी क्षणभर, आणखी काहीतरी वाटलं. ते मी इथे लिहिणार होते. नलू वाचणार आहे म्हणून हात अडतो आहे. लिहिते: बरं वाटलं.

आता काल काय झालं ते.

बुधवारी तुम्ही सदाशिवरावांच्या फोनवरून नलूला विचारलंत, "कागद भेटला काय?" तिने माझ्यापुढे हात पसरला. मी पर्समधून काढून दिला. ती खाली बसून वाचत राहिली. तिला वाचायला वेळ लागतो. वाचून झाल्यावर ती रडली, पण ते रडणं वेगळं होतं. "कबूल तर केलं," म्हणाली. "माणूस चुकते, कबूल करणारा कुठं भेटते?" तिने त्याच दिवशी तुमच्या घराचं कुलूप काढलं, सडा टाकला, दुकानातली धूळ झटकली. विहाराचे अध्यक्ष नागोराव म्हणाले, पौर्णिमेला वर्षावासाचा समारोप आहे, तेव्हा शीलाबाईंनी कागद वाचून दाखवावा, मग आपण पोराला बोलावून पुन्हा पंचशील देऊ, फळ्यावर नाव लिहू, विषय संपला.

बघा, किती नीट बसलं होतं सगळं. नलू घरी जाणार, तुम्ही परत येणार, लोक मोठ्या मनाचे ठरणार, मी तर सगळ्यांत जास्त. मी फक्त तुमच्या हातचं वाचायचं होतं, माझ्या तोंडचं एक अक्षरही खोटं नसतं.

बुधवारी रात्रीचं जेवण करताना नलू म्हणाली, "आता आला का मी रोज त्याचं तोंड हुंगीन. संध्याकाळी दुकानातून आला का पयले तोंड हुंगीन, मंगच पाणी देईन. जल्मभर." ती हे मायेने बोलत होती. मी घास तोंडात धरून बसले. न केलेल्या गोष्टीसाठी तुम्ही जन्मभर दारात उभे राहून तोंड उघडणार, असं चित्र मला दिसलं. आणि तुम्ही ते उघडलं असतंत. 'माह्याच डोक्यात काही झालं असन' असं लिहिणारा माणूस तेही करेल.

काल संध्याकाळी विहार भरलं होतं. वंदना झाली, शेवटचं पान वाचून झालं. बाहेर खिरीची पातेली तयार होती. नागोरावांनी मला पुढे बोलावलं. मी तुमचा कागद हातात धरला आणि म्हटलं, हा कागद खोटा आहे, आणि तो मी लिहून घेतला आहे. मग सॉसचं सांगितलं. दोन उकळ्यांचं, उतरवल्यावर ओतलेल्या वाटीचं. दवाखान्यात तुम्ही काय विचारलंत आणि मी काय उत्तर दिलं, ते सांगितलं. भाषण करायची सवय असल्यामुळे आवाज नीट लागला, याची मला लाज वाटली.

मग लीलाबाई मागून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, माह्या गुडघ्याचं औषध तू नालीत ओतलं. मी सहा महिने लंगडून राह्यली." दोघी-तिघी हसल्या. लीलाबाई हसल्या नाहीत. "ते जाऊ दे. गुडघाच हाये. पण त्या पोराले काहून मारलं वं तू? त्यानं तुह्या ताटात खाल्लं."

मी म्हटलं, माझी चूक झाली.

"चूक त्या दिवशी झाली," त्या म्हणाल्या. "मंगचं काय झालं, त्याले चूक नाही म्हनत."

नागोरावांनी फळ्यावर तुमचं नाव पुन्हा लिहिलं, पहिल्या जागी. सचिवपद मी तिथेच सोडलं. समिती रविवारी बसणार आहे, जो ठरेल तो ठराव मला मान्य आहे. खीर मलाही दिली, पण वाटी हातात ठेवून बाई पुढे गेली, नेहमीसारखी थांबली नाही.

नलू उठून तुमच्या घरी गेली. आज सकाळी सातला माझ्या दारात आली आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

मी म्हटलं, एकोणचाळीस.

"एकोणचाळीस दिवस माह्या हातचा चहा पेली तू. रोज सकाळी. मी रडून राह्यली होती आन तू चहा पीत होती."

मी हो म्हटलं.

"तो जिवंत राह्यला हे नशीब समज. आता त्यानं तिकडं खरंच पेली असन तर?" एवढं बोलून ती दारातच थांबली. तेव्हापासून मी लिहिते आहे.

इंद्रजितराव, तिचा शेवटचा प्रश्न माझाही आहे. गोळी बंद करून तुम्हाला पंधरा दिवस झाले असतील. या दिवसांत तुम्ही घेतली असेल, तर ती माझ्या हिशेबात धरा, तुमच्या नव्हे, आणि नलूला दारातच सांगून टाका. ती भांडेल, पण आता ती तुम्हाला सोडून येणार नाही. घेतली नसेल, तर या सगळ्यांतून तुम्ही एकटेच शब्द पाळणारे उरलात. गोळी पुन्हा सुरू करायची ती डॉक्टरांना विचारूनच, आणि त्यांना हे सगळं सांगून. तुमचा कागद याच पाकिटात आहे. तो फाडायचा अधिकार माझा नाही.

माफी मागायचा हक्क मिळावा असं मी काही केलं आहे असं मला वाटत नाही. सांगितलं तेही दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा. खरं तर तेव्हाही एक मार्ग होता, आणि तो सगळ्यांना आवडला असता. मी तो का घेतला नाही हेही मला नक्की माहीत नाही. कदाचित चांगुलपणा असेल. कदाचित एवढंच असेल की तुमचं पत्र मला पाठ झालं होतं.

नलूने इथपर्यंत वाचलं. उंबऱ्यात बसून, एकेका ओळीखाली बोट धरून वाचलं. 'बरं वाटलं' पाशी बोट थांबलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मग कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "इतकं लंबं कायले लिहिलं? त्याले चष्मा नाही. तिथं सदाशिवराव असन, त्याची बायको असन, चार गडी असन. कोणालेही वाचता येईन अशी एकच ओळ लिही खाली. आन नाव पुरं लिही. ताई-बिई नको."

गाडीची वेळ झाली आहे. ती ओळ अशी:

इंद्रजितने दारू प्यायली नव्हती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

लिहून देणार,
शीला पाईकराव